आधी गोठा, मग गाय: बिबट्याच्या पट्ट्यात शेतावर राहायला येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पुणे, नाशिक किंवा मुंबई सोडून जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या तालुक्यांत एक-दोन एकर जमीन घ्यावी, शेतावरच घर बांधावे आणि दारात एखादी गाय, चार शेळ्या, थोड्या कोंबड्या व राखणीला कुत्रा असावा, अशी इच्छा घेऊन अनेक कुटुंबे या भागात येतात. इच्छा रास्त आहे, कारण शेणखत आणि दुधाचा आधार नसेल तर छोटे शेत फार काळ तग धरत नाही. मात्र हा पट्टा उसाचा आहे. कुकडी, मीना आणि प्रवरा यांच्या पाण्यावर वर्षभर उभ्या राहणाऱ्या उसात बिबट्याला आडोसा मिळतो, गावाच्या कडेने खाणे मिळते, आणि कित्येक माद्या उसातच वितात. त्यामुळे येथे पाळीव जनावरांची निगा आणि वन्यप्राण्यांशी वागणूक हे दोन वेगळे विषय राहत नाहीत. शेळी कुठे बांधली, मेलेली कोंबडी कुठे टाकली, विहिरीला कठडा आहे की नाही, यांवरच रात्री अंगणात कोण येणार हे ठरते. म्हणून पुढील पायऱ्या आहेत त्याच क्रमाने घ्याव्यात. विशेषतः निवारा पुरा होण्यापूर्वी जनावर विकत घेऊ नये.

पहिली पायरी: जागा पाहून घेणे

घर बांधायला सुरुवात करण्यापूर्वी पावसाळ्यानंतरच्या एखाद्या सकाळी बांध, पाणंद आणि ओढ्याचा काठ पायी फिरून पाहावा. ओल्या मातीत ठसे स्पष्ट उमटतात. बिबट्याचा ठसा साधारण गोलसर असतो, चार बोटे आणि मागे रुंद गादी दिसते, पण नखे उमटत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. कुत्रा, कोल्हा आणि तरस यांच्या ठशांत बोटांपुढे नखांच्या खुणा असतात. रानडुकराचा ठसा दुभागलेल्या खुराचा असतो, आणि जवळपास जमीन नांगरल्याप्रमाणे उकरलेली दिसते. या खुणा कुठून कुठे जातात ते पाहिल्यास आपल्या जमिनीतून कोणाची वाट जाते हे समजते. अशा वाटेवर गोठा बांधू नये. तो घराच्या भिंतीला लागून, उसापासून आणि ओढ्यापासून शक्य तितका दूर असावा.

शेजारच्या वस्त्यांवर जाऊन विचारणे हे ठसे पाहण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ज्या आजींनी त्याच मळ्यात चाळीस-पन्नास पावसाळे काढले आहेत, त्यांना पाणी कुठून शिरते, साप कोणत्या गंजीत निघतात, कोणत्या वळणावर बिबट्या बसलेला दिसतो, हे नेमके ठाऊक असते. नव्या माणसाने मामा, दादा, मावशी अशी ओळख करून घेतली की पुढे रात्री-अपरात्री हाक मारायलाही तोंड राहते. शेतावरच्या जीवनात हा आधार कोणत्याही कुंपणापेक्षा अधिक कामाला येतो, असे माझे ठाम मत आहे.

याच टप्प्यात चार गोष्टी एका जाड कागदावर ठळक अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूस लावाव्यात: वनविभागाची हेल्पलाइन १९२६, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री क्रमांक १९६२, रुग्णवाहिकेचा १०८, आणि सर्पदंशावरचे प्रतिविष ज्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रत्यक्ष उपलब्ध असते त्या रुग्णालयाचे नाव व तिथवरचा रस्ता. शेवटची गोष्ट स्वतः रुग्णालयात जाऊन विचारून घ्यावी, ऐकीव माहितीवर विसंबू नये. आपल्या बीटच्या (वनरक्षकाकडे सोपवलेल्या वनक्षेत्राच्या) वनरक्षकाचा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांचा क्रमांकही त्याच कागदावर असावा.

विहीर असेल तर तिला छातीइतक्या उंचीचा पक्का कठडा आधी बांधून घ्यावा. जमिनीच्या पातळीला तोंड असलेल्या विहिरींत बिबट्या, कोल्हे, उदमांजरे, शेळ्या आणि माणसेही पडतात. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे असाच एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढून, गळ्यात रेडिओ पट्टा बसवून माळशेज घाटात सोडण्यात आले, आणि पुढे तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ हे नाव दिले होते. बिबट्या पकडून लांब नेऊन सोडला म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांनी हा प्रवास ध्यानात ठेवावा.

दुसरी पायरी: निवारा

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि खर्चाचा सर्वांत मोठा वाटाही येथेच द्यावा.

वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. वजनाच्या हिशेबाने त्या आहारात सुमारे ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्यांचा वाटा मात्र ११ टक्के होता, जरी त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट होती. याचा अर्थ सरळ आहे. शेळी दिवसा माणसाच्या नजरेखाली चरते आणि रात्री वाड्यात बंद असते. कुत्रा रात्रभर मोकळा फिरतो. बंदिस्त वाडा काम करतो, हे या आकड्यांतून दिसते, आणि तो अर्धवट बंदिस्त असेल तर काम करत नाही, हे गावातला कोणीही सांगेल.

पूर्ण बंदिस्त म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावे. चारही बाजूंनी विटांची किंवा दगडाची भिंत असावी, अथवा खाली तीन फूट भिंत आणि वर छतापर्यंत जाड वेल्डेड जाळी असावी. कोंबड्यांसाठी मिळणारी पातळ षट्कोनी जाळी बिबट्याच्या पंजापुढे टिकत नाही. छत संपूर्ण झाकलेले हवे. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हवेसाठी ठेवलेली मोकळी फट हीच बहुतेक वाड्यांतील उणीव असते. बिबट्या भिंतीवर सहज चढतो आणि त्या फटीतून आत शिरतो. फट हवीच, पण तीही जाळीने बंद करावी. दाराखाली चार बोटांपेक्षा अधिक अंतर राहू नये, आणि दाराला नुसती दोरी किंवा काठी न अडकवता कडी-कोयंडा बसवावा. आत शिरलेल्या बिबट्याला बाहेर पडायला वाट सापडली नाही तर तो घाबरून एका रात्रीत अनेक शेळ्या मारतो, म्हणून मुळात आत शिरताच येणार नाही अशीच रचना असली पाहिजे.

बांधून झाल्यावर एक चाचणी करावी. भर दुपारी आत जाऊन दार लावावे आणि प्रकाश कुठून येतो ते पाहावे. जिथून मुठीपेक्षा मोठा कवडसा येतो, ती जागा मुंगूस, रानमांजर किंवा उदमांजर यांच्यासाठी खुली आहे असे समजावे. शेळ्यांच्या वाड्यात ही फट चालेल, कोंबड्यांच्या खुराड्यात चालणार नाही.

जागेचा हिशेब असा धरावा: मोठ्या शेळीला छताखाली सुमारे १० चौरस फूट आणि मोकळ्या आवारात त्याच्या दुप्पट, गायीला छताखाली सुमारे ४० चौरस फूट, कोंबडीला दीड ते दोन चौरस फूट. जमीन मागच्या बाजूला किंचित उतरती असावी, म्हणजे मूत्र साचत नाही. खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच असावे आणि कोंबड्या दिवस मावळण्यापूर्वी मोजून आत घ्याव्यात. घार आणि मुंगूस दिवसा येतात, त्यामुळे लहान पिलांना दिवसाही डालग्याखाली ठेवणे बरे.

कुत्र्याची सोय बहुतेक नवे लोक विसरतात. राखणीचा कुत्रा रात्री अंगणात साखळीने बांधून ठेवणे म्हणजे बिबट्यासमोर त्याला ठेवून देणे होय. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. रात्री त्याला पडवीत जाळीच्या दाराआड किंवा घरात घ्यावे. आतून भुंकला तरी राखण होते. धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात. तो उपयोगी आहे, परंतु दाराला पर्याय नाही.

तिसरी पायरी: जनावरे निवडणे

पहिल्या वर्षी एक गाय, तीन-चार शेळ्या आणि दहा-बारा गावरान कोंबड्या यांपेक्षा अधिक घेऊ नये. गाय घेताना अधिक दुधाच्या संकरित गायीचा मोह होतो. पण जिला रोज भरपूर हिरवा चारा, खुराक आणि काटेकोर आरोग्यसेवा लागते अशी गाय नवख्या हातात टिकणे कठीण असते. अकोले आणि इगतपुरीच्या डोंगराळ, अतिपावसाच्या भागातील डांगी गाय दूध कमी देते, परंतु पावसात आणि चढ-उतारावर ती खंबीर असते. शेळ्यांत संगमनेरी ही याच भागातील जात असून ती दूध आणि मांस दोन्हींसाठी पाळली जाते. बाजारातून जनावर आणताना एकट्याने जाऊ नये, ज्याने आयुष्यभर जनावरे पाळली आहेत असा शेजारी सोबत असावा. आणलेले जनावर दोन ते तीन आठवडे जुन्या जनावरांपासून वेगळे बांधावे.

गायीच्या आणि म्हशीच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला असतो. खरेदीच्या वेळी तो आहे की नाही पाहून, आपल्या नावावर नोंद बदलून घ्यावी. लसीकरण, उपचार, आणि वन्यप्राण्याच्या हल्ल्यानंतरची भरपाई या सर्व ठिकाणी हा क्रमांक विचारला जातो.

चौथी पायरी: लसी आणि रोजची निगा

मे-जून महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, गाय-म्हशीला घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लसी टोचून घ्याव्यात. लाळ-खुरकुताची लस वर्षातून दोनदा शासकीय मोहिमेत दिली जाते. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पी त्वचारोगाने मोठे नुकसान केले, तेव्हापासून त्याची वार्षिक लसही दिली जाते. शेळ्यांना पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची, आणि करडे तीन-चार महिन्यांची झाल्यावर पीपीआर या संसर्गजन्य रोगाची लस द्यावी. कोंबड्यांत मानमोडी हा रोग सर्वांत घातक आहे. पिलाला पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घातला जातो. कुत्र्याला तीन महिन्यांच्या वयापासून रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी तिची मात्रा चुकवू नये. कुत्रा, कोल्हा, मुंगूस किंवा वानर यांपैकी कोणीही माणसाला चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट असले काही लावू नये.

चाऱ्याबाबत या भागाची एक खास अडचण आहे. ऊसतोडीच्या दिवसांत वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मुबलक आणि स्वस्त मिळते, आणि महिनोन्‌महिने जनावरांना तेच घातले जाते. वाढ्यात ऑक्झलेट अधिक असल्याने शरीरातील कॅल्शियम कमी होते आणि दुधाळ गाय हळूहळू खंगते. वाढे घालायचेच असेल तर त्याची कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि सोबत कडबा व अन्य चारा ठेवावा. पावसाने ताण दिल्यानंतर फुटलेली कोवळी ज्वारी जनावरांना मुळीच खाऊ देऊ नये. तिच्यातील विषारी घटकाने जनावर तासाभरात दगावू शकते. ओला, दव पडलेला लसूणघास उपाशीपोटी खाल्ल्यास पोट फुगते. बांधावरची घाणेरी ऊर्फ टणटणी खाल्ल्याने यकृत बिघडते आणि उन्हात कातडी सोलवटते. ती झुडपे गोठ्याभोवतालची तरी उपटून टाकावीत.

गाय व्याल्यावर वासराला पहिल्या तासाच्या आत चीक पाजावा. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक दिवसभरात दोन-तीन वेळा विभागून द्यावा. म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. वार (गर्भाभोवतीची झिल्ली) साधारण आठ ते बारा तासांत पडते. ती पडली नाही तर हाताने ओढू नये आणि तिला वजन बांधू नये, डॉक्टरांना बोलवावे. पडलेली वार त्याच वेळी उचलून खोल खड्ड्यात पुरावी. तिच्या वासाने रात्री कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

दुखणे कमी करण्यासाठी जनावराला द्यायच्या औषधाबाबत एक काळजी घ्यावी. डायक्लोफेनॅक दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले तर त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊन ती मरतात. देशातील गिधाडे जवळजवळ नाहीशी होण्याचे ते प्रमुख कारण ठरले. जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ पासून बंदी आहे, आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅक यांवरही बंदी आली. तरीही माणसांसाठीची बाटली कोणी गोठ्यात घेऊन आला तर स्पष्ट नकार द्यावा आणि मेलॉक्सिकॅम मागावे, जे गिधाडांसाठी सुरक्षित आहे.

पाचवी पायरी: उंदीर, साप आणि घुबड

धान्य आणि पेंड झाकणाच्या पिंपात असेल तर उंदीर कमी होतात, उंदीर कमी तर साप कमी. याहून वेगळा उपाय शोधण्याची गरज नसते. लाकडाचा ढीग, विटांचा ढिगारा आणि कडब्याची गंजी घराच्या भिंतीपासून दूर असावी. उंदरांसाठी विषाची गोळी वापरू नये. विष खाऊन अर्धमेला झालेला उंदीर गव्हाणी घुबडाच्या, धामणीच्या किंवा आपल्याच मांजराच्या पोटात जातो, आणि फुकट राबणारा राखणदार मरतो. धामण बिनविषारी असून शेतातील उंदीर खाते. तिला मारणाऱ्या माणसाला थांबवणे हे आपले काम समजावे.

या पट्ट्यात जीवघेण्या दंशासाठी मुख्यतः चार साप लक्षात ठेवायचे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांपैकी मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याच्या दंशाची खूण अनेकदा दिसतही नाही आणि फारसे दुखत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होऊन मिटू लागणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसली की वेळ घालवू नये. म्हणून पावसाळ्यात कोणीही जमिनीवर झोपू नये, खाटेवर झोपावे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचावी. घोणस उसाच्या पाचटात (वाळलेल्या पानांत) आणि गवतात निपचित पडून राहते आणि डिवचल्यास कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. पाचट उचलताना आधी काठीने हलवावे, पायात बूट असावेत, आणि रात्री विजेरीशिवाय गोठ्यात जाऊ नये.

दंश झाल्यास अवयव करकचून बांधणे, चिरणे, चोखणे, मांत्रिकाकडे नेणे यांतील काहीही करू नये. अंगठी, जोडवी, बांगड्या काढाव्यात, तो अवयव हलणार नाही असा ठेवावा आणि रुग्णाला चालू न देता रुग्णालयात न्यावे. भारतातील प्रतिविष या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप पकडून किंवा मारून सोबत नेण्याची आवश्यकता नसते. लाल विंचवाचा दंशही किरकोळ समजू नये, विशेषतः लहान मुलांत. त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी जगापुढे मांडला आणि त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण फार घटले. मात्र ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

हरभऱ्याच्या शेतात एकरी वीसेक पक्षिथांबे, म्हणजे आडवी काठी बांधलेल्या उभ्या काठ्या, रोवाव्यात. त्यांवर दिवसा कोतवाल आणि साळुंक्या बसून घाटेअळी टिपतात, रात्री घुबड बसून उंदीर धरते.

सहावी पायरी: बिबट्याच्या शेजारी राहणे

बिबट्या दिसला म्हणजे तो पकडलाच पाहिजे, असा गावात आग्रह होतो. जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या काळात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले, आणि माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी वर्षाला सरासरी ४ वरून १७ पर्यंत वाढले, असे पुढे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. अनोळखी जागी टाकलेला, भेदरलेला प्राणी आणि मोकळ्या झालेल्या जागेत शिरणारा नवा बिबट्या, दोघेही माणसांसाठी अधिक धोक्याचे ठरतात. माणसांवर हल्ले करणाऱ्या बिबट्याची गोष्ट वेगळी. त्याला पकडण्याचा निर्णय वनविभाग घेतो, आणि तो वेळीच घेतला जावा यासाठी गावाने पाठपुरावा करणे योग्यच आहे. या पट्ट्यात लहान मुले दगावली आहेत. ते दुःख कोणी हलके लेखू नये, आणि म्हणूनच पुढील नियम घरातील प्रत्येकाने पाळावेत.

दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत मूल एकटे अंगणात जाऊ नये, अगदी दहा पावलांवरच्या नळावरही नाही. शौचालय घराला लागून असावे. वाकून किंवा उकिडवे बसून काम करणारा माणूस बिबट्याला लहान भक्ष्यासारखा दिसतो. उसाच्या कडेला गवत कापताना दोघांनी मिळून काम करावे, एकाने उभे राहावे, आणि बोलत राहावे. रात्री पाणी द्यायला जाणे टाळता येत नाही, कारण शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीच येते. तेव्हा एकट्याने जाऊ नये, हातात प्रखर विजेरी आणि काठी असावी, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावावीत. घरापासून उसाच्या पहिल्या सरीपर्यंत निदान वीस-पंचवीस फूट जागा मोकळी ठेवावी आणि तिथे भाजीपाल्याचे बुटके पीक घ्यावे. समोरासमोर गाठ पडलीच तर पळू नये, वाकू नये, मुलाला उचलून घ्यावे, हात वर करून मोठ्याने ओरडत सावकाश मागे सरावे. गर्दी करून त्याला घेरणे आणि मोबाइलवर चित्रण करणे हे सर्वांत धोक्याचे असते. अशा वेळी जखमी होणारे बहुधा पाहायला आलेलेच असतात.

शेळी किंवा वासरू मारले गेले तर दुःखाच्या भरात ते उचलून पुरू नये. जागा आहे तशी ठेवून, फोटो काढून, ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवावे. वनकर्मचारी पंचनामा करतात, पशुवैद्यकीय अधिकारी मृत्यूचे कारण तपासतात, आणि बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा शासनाने ठरवलेली कमाल रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरपाई मिळू शकते. सातबारा, आधार, बँक पुस्तक आणि कानातील बिल्ल्याचा क्रमांक यांच्या प्रती एका पिशवीत तयार ठेवाव्यात. पंचनामा झाल्यावर मृत जनावर सहा फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. त्याच्यावर विष शिंपडण्याचा विचार मनात आणू नये. बिबट्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला विष घालणे हा गंभीर गुन्हा ठरतो, आणि ते विष खाऊन गावातली कुत्री आणि घारीही मरतात.

सातवी पायरी: रानडुक्कर, वानर आणि कुंपण

मका, भुईमूग आणि रताळी यांना रानडुक्कर सोडत नाही. उपाय म्हणून काही जण घरगुती विजेची तार शेताभोवती सोडतात. हे कोणत्याही परिस्थितीत करू नये. त्या तारेने दरवर्षी शेजारचा शेतकरी, गुराखी, गाय, बिबट्या असे कोणीही मरते आणि लावणाऱ्यावर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. सौर कुंपणाचे यंत्र क्षणभराचे झटके देते, जे जोरात बसतात पण जीव घेत नाहीत. मान्यताप्राप्त यंत्र घेऊन, तारेखालचे गवत नियमित कापून ते वापरावे. त्यासाठी अनुदान उपलब्ध आहे का, हे तालुका कृषी कार्यालय आणि वनपरिक्षेत्र कार्यालय दोन्हीकडे विचारावे. वानरांना एकदाही पोळीचा तुकडा देऊ नये. शेजाऱ्यांनाही तसे सांगावे, कारण एका घराने दिलेला तुकडा सगळ्या वस्तीला भोवतो.

आठवी पायरी: ऊसतोडीत बछडे सापडल्यास

साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऊस तोडताना सरीत बिबट्याचे बछडे सापडणे या भागात नेहमीचे आहे. आपल्या शेतात किंवा शेजारी तोड चालू असेल तर टोळीच्या मुकादमाला आधीच सांगून ठेवावे की पिले दिसल्यास हात लावू नये, उचलून घरी आणू नये, दूध पाजू नये. मादी बहुधा जवळच उरलेल्या उसात असते आणि पिले हलवल्यास ती चवताळून शोधत फिरते. त्या रात्री आसपासच्या वस्त्यांना खरा धोका असतो. माणसांनी शांतपणे मागे सरावे आणि १९२६ वर कळवावे. बछडे कधीकधी रानमांजराची निघतात, तीही तशीच ठेवायची. वनविभागाचे पथक पशुवैद्यकांच्या साहाय्याने पिलांची तपासणी करते, संध्याकाळी त्यांना सापडल्या जागीच टोपल्यात किंवा उघडता येणाऱ्या पेटीत ठेवते, कॅमेरा लावते आणि मादी त्यांना घेऊन जाईपर्यंत थांबते. पहिल्या रात्री ती आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा तसेच केले जाते. तेवढा वेळ त्या शेतातील तोड थांबवावी लागते आणि टोळीचा खाडा होतो. ऊसतोड कामगारांना उचलीच्या (आगाऊ घेतलेल्या रकमेच्या) हिशेबावर राबावे लागते, त्यांच्यासाठी एक दिवसही फुकट जाणे परवडणारे नसते. म्हणून टोळीला दुसरा फड (तोडीचे शेत) लावून देण्याविषयी कारखान्याच्या शेतकी विभागाशी त्याच दुपारी बोलावे, आणि ते जमले नाही तर त्या दिवसाची मजुरी शेताच्या मालकाने द्यावी.